रावजींनी उघडलेली फाइल

शिमग्याची पालखी आमच्या आंबा संस्थेच्या अंगणात नाचून गेली आणि तिच्या पाठोपाठ पहिल्या पेट्या आल्या. दर वर्षी असंच होतं. आधी देव येतो, मग आंबा. पायरीच्या चिऱ्यात गुलाल अजून लाल दिसत असतो, आणि तोवर अख्ख्या ऑफिसात पेंढ्याचा वास भरतो.

त्या सकाळी अंगणाच्या कडेला, आपल्याच पेट्यांना टेकून, हौसावहिनी बसली होती. गाव तिचं आत, घाटाच्या बाजूला. घरधनी मुंबईत. सड्यावरची, म्हणजे कातळाच्या माळावरची, कलमं सासऱ्याने लावलेली, आणि बाग मोहोरावरच व्यापाऱ्याला द्यायची ही घरातली रीत. मोहोर दिसला की व्यापारी यायचा. फवारणी त्याची, राखण त्याची, पेटीवर नावही त्याचंच. हौसावहिनीने या वर्षी बाग दिली नाही. माकडांमागे धावली, वाऱ्याला शिव्या दिल्या, देठ राखून एकेक फळ काठीच्या जाळीदार झेल्यात उतरवलं, आणि स्वतःच्या नावाने संस्थेची सभासद झाली. परदेशी जाणाऱ्या मालात तिचा आंबा आज पहिल्यांदा जायचा होता. नव्या बागेचा पहिला माल वेळेवर आणि नीट गेला तरच पुढच्या गाडीत तिला जागा मिळायची. पेटीवर बागेचा नंबर आणि बागायतदाराचं नाव हवं. त्या लेबलावाचून पुढच्या तपासणीत पेटी कुणी आत घेत नाही.

लेबलं काढायचं काम माझं. आणि माझ्या हातून तिचं लेबल निघत नव्हतं.

संस्थेची ‘बागनोंद’ म्हणून एक फाइल आहे. जिन्याखालच्या मोठ्या कॉम्प्युटरवर ती राहते. त्याला आम्ही सर्व्हर म्हणतो. प्रत्येक टेबलावरून तीच एक फाइल उघडते. चार घरांत एक विहीर असते ना, तसं. नियम एवढाच, की एका वेळी लिहायचं एकाने. बाकीच्यांनी नुसतं वाचायचं.

शिमगा झाल्यापासून ह्या विहिरीचं काहीतरी बिनसलं होतं. फाइलीवर क्लिक करावं, उठून चहा पिऊन यावा, दोन घरच्या गोष्टी कराव्यात, तरी आपलं चाक फिरतंच आहे. आणि उघडली, तर कपाळावर पाटी: ही फाइल रावजी वापरत आहेत, तुम्हाला फक्त वाचता येईल.

जुन्या बागांचं काही अडलं नव्हतं. त्यांची नावं आतमध्ये होतीच. वाचता येत होती, लेबलं निघत होती, रडत रडत का होईना. त्या दिवशीच्या मालात अडली ती एकटी हौसावहिनी. तिचं नाव नव्याने लिहायचं होतं.

“ह्ये रावजी कोण गो काशीताई?” तिने खिडकीतून विचारलं.

“आमचे जुने हेडक्लार्क. निवृत्त झाले. वेळणेश्वरला असतात.”

“मग तिथनां माझी वाट धरून बसलेत?”

“नाय गो. इथल्या सगळ्याच मशिनींवर त्यांचं नाव आहे. पहिला कॉम्प्युटर त्यांनी लावला आणि बाकीचे त्याच्यावरनं उतरवून घेतले. त्यामुळे कुणीही फाइल उघडली तरी नाव रावजींचंच येतं.”

“आणि बदललां नाय कुणी?”

काय सांगणार? निवृत्तीच्या दिवशी विषय निघाला होता. पण आमचा शिपाई भागोजी म्हणाला, “राहूंदे. घराला मूळपुरुषाचां नाव असतांच.” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

संस्थेचे सचिव गुरुप्रसाद मनाने लोण्यासारखे, पण घाईचे. त्यांनी सकाळपासून सगळं करून पाहिलं होतं. सगळ्या मशिनी बंद करून चालू केल्या. मग फाइलीची एक कॉपी आपल्या मशीनवर काढली, तिला नाव दिलं ‘बागनोंद नवी’, आणि तिच्यात हौसावहिनीचं नाव घातलं. मग आठवलं, की आदल्या दिवशी आणखी एका नव्या सभासदासाठी ‘बागनोंद नवी खरी’ काढली होती. दोन्ही समोरासमोर ठेवून पाहिल्या, तर दोन बागांना एकच नंबर! हौसावहिनीच्या पेट्यांवर दुसऱ्याच्या बागेचा नंबर लागून गाडी निघाली असती. त्यांनी कपाळावर हात मारला आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या वेदिकाला फोन लावला.

अंगणात गाडी भरत होती. ड्रायव्हर संदेश फळीवर उभा राहून ओरडला, “गुरूभाऊ, ऊन कलायच्या आत निघायला हवं हां! नायतर आंबा गाडीतच पिकायचा, आणि तिकडच्या लोकांस मी रस वाढीत बसू?”

“भर तू. लेबलं आली की शेवटच्या पेट्या घे,” गुरुप्रसाद म्हणाले, आणि आवाज खाली आणून मला म्हणाले, “काशीताई, अगदीच नाही झालं तर हौसावहिनींच्या पेट्या बाबल्याच्या नंबरावर टाकू. त्याची बाग त्यांच्या शेजारचीच. माल तोच, माती तीच. हिशेब नंतर नीट करता येईल.”

आवाज खाली आणला होता, पण खिडकी उघडी होती. हौसावहिनी उठली. पदर खोचला. भांडेल असं मला वाटलं. ती भांडली नाही.

“सचिवसाहेब,” ती म्हणाली, “बाबल्याभावजी चांगला माणूस. पण इतकी वर्षां माझा आंबा दुसऱ्याच्याच नावानं गेला. अजून एकदा गेला तर मी राखण केली ती कुणाची?”

 ती परत आपल्या पेट्यांपाशी जाऊन बसली आणि हलकेच, स्वतःशीच, एक ओवी म्हणाली. ती रागाने म्हटलेली नव्हती. हात रिकामे राहिले की बायका ओवी घेतात, तशी.

*कातळ फोडुनी, कलम लाविलं सासऱ्यानं*
*पाणी घातलं गं मी, डोईवरल्या घागरीनं*

आणि तेवढ्यात वेदिकाची स्कूटर आली.

वेदिका हर्ण्याची. होडीवाल्यांच्या घरातली. शिकली कॉम्प्युटरचं, आणि आता ह्या बाजूच्या कितीतरी ऑफिसांची जाळी सांभाळते. आरे-वारेच्या रस्त्याने येते तेव्हा वाऱ्याने तिचे केस असे होतात की आधी दोन मिनिटं ती ते सोडवत उभी राहते. त्या दिवशीही राहिली. केस सोडवता सोडवताच तिने सगळं ऐकून घेतलं. गुरुप्रसादांचं, माझं, आणि पेट्यांपाशी जाऊन हौसावहिनीचंही. मला वाटतं, तिचं अर्धं काम तिथेच होतं. बरेच लोक येतात ते थेट मशिनीवर झडप घालतात. ही आधी माणसांना विचारते.

“पहिली गोष्ट,” आत येऊन ती म्हणाली, “आता कुणीही नवीन कॉपी काढायची नाही. काढल्यात त्या पुसूही नका, एका बाजूला ठेवा. त्यात लिहिलेलं आपल्याला लागेल.”

गुरुप्रसाद शाळेतल्या पोराने पाटी लपवावी तसे आपल्या स्क्रीनसमोर सरकले.

“दुसरं. ही एकच फाइल हळू उघडते, की सगळ्याच?”

कुणीच बघितलं नव्हतं. आम्ही सगळे बागनोंदीवरच डोकं आपटत होतो. तिने सर्व्हरवरची दुसरी एक फाइल, मागच्या सभेच्या फोटोंची, माझ्या मशिनीवरून उघडली. तीही रखडली. मग ती जिन्याखाली वाकून गेली आणि सर्व्हरवरच बसून बागनोंद उघडली. चुटकीसरशी उघडली. पाटी तीच, रावजी वापरत आहेत, पण उघडली मात्र झटकन.

“विहिरीत पाणी आहे,” जिन्याखालून तिचा आवाज आला. “वाटेत गर्दी आहे. आणि पोहरा कुणीतरी आत सोडून ठेवलाय. हे कधीपासून?”

“शिमग्यापासून.”

“शिमग्याला ऑफिसात काय बदललं?”

“काही नाही,” आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. आणि खरंच, मनापासून म्हणालो. पालखी आली होती, पण पालखी हा काय बदल आहे? पालखी येतेच.

वेदिकाने सर्व्हरवर एक यादी उघडली. कुठली फाइल कुणी धरून ठेवलीये ते त्या यादीत दिसतं. नाव रावजींचंच होतं, पण नावाच्या शेजारी मशिनीचा पत्ता होता, नुसता आकड्यांचा. आमच्यासारख्यांना तो आकडा, तिला घराचा नंबर. तो तळहातावर लिहून ती एकेका टेबलापाशी गेली. माझी मशीन पाहिली, नाही. गुरुप्रसादांची, नाही. हिशेबाची, पॅकिंगची, सभेच्या खोलीतली. एकाही मशिनीचा पत्ता तो नव्हता. तिने दारात उभं राहून सगळ्या ऑफिसावर नजर फिरवली.

“जेवायला माणसं पाच आहेत,” ती म्हणाली, “आणि पान सहावं वाढलंय.”

भागोजी चहाचा ट्रे घेऊन आला होता.  “बाय, असां बोलू नको गो. आधीच शिमगा होऊन गेलाय.”

“भुताबितांचं नाही म्हणत मी, काका.”

“भूतां कुणी काढलान? मी आपला म्हणतोय, एक गाऱ्हाणां घालतो.” आणि ट्रे टेबलावर ठेवून, टोपी नीट करून, त्याने जिन्याखालच्या सर्व्हरकडे तोंड करून हात जोडले. भागोजी गावाचा मानकरी. त्याचा आवाज एकदा लागला की ऑफिस राहत नाही, देवळापुढचा गावजमावाचा मांड होतो.

“बा देवा महाराजा! आज तुझी लेकरां तुझ्यापुढं उभी हायत. ह्या लेकीचा आंबा वेशीपर्यंत येऊन अडला हाय. ही फाइल ज्या कुणी धरून ठेवलीन असंल, जाणता असो का अजाणता असो, त्याचा हात ढिला कर, आणि गाडी सुखरूप मार्गी लाव रे महाराजा!”

“होय महाराजा!” आम्ही सगळे म्हणालो. सवयीने. संदेश तर गाडीच्या टपावरून म्हणाला. वेदिकाही म्हणाली, आणि म्हणता म्हणता हसली.

गुरुप्रसादांना मात्र घड्याळ दिसत होतं. “वेदिकाताई, त्या यादीतूनच ती फाइल बंद करता येत नाही?”

“येते. एक बटण आहे.”

“मग दाबा की!”

“दाबलं तर आत्तापुरती सुटेल. पण ते सहावं पान कुणाचं हेच माहीत नाही. तिकडे कुणी काही लिहीत असेल तर ते बुडेल, आणि उद्या सकाळी पुन्हा हेच. हौसावहिनींची आजची गाडी सुटेल, पुढची अडेल.”  बाहेर बघून म्हणाली, “गाडी भरून होईपर्यंत वेळ द्या मला. नाही सापडलं तर दाबते बटण. पण दुसऱ्याच्या नंबरावर पेट्या टाकू नका. ते मात्र मला सोडवता येणार नाही.”

गुरुप्रसाद खिडकीकडे वळले. हौसावहिनी त्यांच्याकडेच पाहत होती. “द्या त्यांना वेळ,” तीच म्हणाली. “इतकी वर्षां थांबलेय.”

सर्व्हरच्या वर भिंतीला एक चपटी पेटी आहे. सगळ्या वायरी येऊन तिच्यात खुपसलेल्या, आणि प्रत्येकीपाशी एक हिरवा दिवा. वेदिका स्टुलावर चढली आणि नुसती बघत राहिली. मीही बघू लागले. चार-पाच दिवे सावकाश लुकलुकत होते, शांत श्वास घेतल्यासारखे. एक मात्र धाप लागल्यासारखा फडफडत होता.

“ही वायर कुठे जाते?”

“ती ना, ती...” मी म्हणाले, आणि मलाच सांगता येईना.

भागोजीने मान वर केली. “ती पडवीतनां मागं जाते. लोंबकळत होती. पालखी आली ना, पालखीच्या वाटेत सगळ्या वायरी आडव्या. देवाच्या डोक्यावरनां वायर कशी जाऊ द्यायची? म्हणून म्या सगळ्या काढल्या, वर बांधल्या. पालखी गेल्यावर परत लावल्या. देव येऊन गेला की घर विस्कटलेलां ठेवू नये. ही एक पहिल्यापासनांच सुटी होती. म्हटलां, हिला तरी का उपाशी ठेवायची? एक भोक रिकामां होतां. लावलां.”

 वेदिका स्टुलावरून उतरली. तिच्या चेहऱ्यावर रागाची रेघ नव्हती. उलट, कुणी जुना धागा हातात दिल्यासारखं झालं होतं.

“दाखवा, काका.”

वायर पडवीच्या वाशाला धरून मागे जाते. तिच्याखालून आम्ही सगळे रांगेने चाललो. पुढे वेदिका मान वर करून, मागे भागोजी, मग मी, मग गुरुप्रसाद. पडवीच्या टोकाला, जिथून समुद्राची एक चिंधी दिसते, तिथे रावजींची जागा. खुर्चीच्या पाठीवर घडी घातलेला टॉवेल. टेबलावर अगरबत्तीचं घर, राख अजून ताजी. रावजी गेल्यापासून त्या खुर्चीवर कुणी बसत नाही. बसू नये असा ठराव कुठे झालेला नाही, पण कुणी बसत नाही.

टेबलाखाली त्यांचा जुना कॉम्प्युटर. त्याचा दिवा लागलेला होता.

“हा चालू आहे?” गुरुप्रसाद म्हणाले.

“रोज लावतो,” भागोजी म्हणाला. “सकाळी पहिली अगरबत्ती देवाला, दुसरी रावजींच्या मशिनीला. बटण दाबतो. वरचा टीव्ही तेवढा लावत नाय. बघणारां कोण?”

वेदिका खुर्चीकडे गेली नाही. गुडघ्यांवर बसली आणि स्क्रीनचं बटण दाबलं. काच उजळली. बागनोंद. सबंध उघडी, पहिल्या बागेपासून, आणि तिच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी: नक्कल चालू आहे. सर्व्हरवरचं सगळंच्या सगळं, रावजी गेल्यापासूनचं, हा म्हातारा कॉम्प्युटर घागरीघागरीने आपल्याकडे भरून घेत होता. वाट अडली होती ती त्याच्या घागरींनी.

गुरुप्रसाद वाकले आणि त्यांचा हात सरळ वायरीकडे गेला.

“ओढू नका!” वेदिका म्हणाली. मग आवाज मऊ करून, “आमच्याकडे जाळ्यात गाठ पडली की आजोबा म्हणायचे, ओढणारा अजून एक गाठ मारतो. ढिलं करायचं आधी. आणि ही मशीन कुणाची आहे त्यांना विचारायला नको?”

फोन मी लावला. मोठ्या आवाजावर ठेवला. रावजी देवळाच्या पायरीवर बसले असावेत; मागे घंटा आणि लाट दोन्ही ऐकू येत होत्या.

“रावजी, मी काशी. तुम्ही बागनोंद उघडून बसलाय.”

“मी? मी सुपारी कातरीत बसलोय गो.”

आम्ही सगळं सांगितलं. ते ऐकून त्यांनी अडकित्ता खाली ठेवल्याचा आवाज आला.

“वादळाच्या वर्षी,” मग ते म्हणाले, “जिन्याखाली पाणी शिरलं. आठवतं काशी? सगळी बागनोंद गेली. मग मी बागेबागेत गेलो. कुठे सड्यावर, कुठे खाडीपलीकडे. एकेक नाव विचारून परत लिहिली. पडलेल्या कलमांपाशी माणसं बसलेली, त्यांना नाव विचारायचं जिवावर यायचं. तेव्हा ठरवलं, की पुन्हा ही पाळी नको. माझी मशीन सकाळी चालू झाली की आधी बागनोंद उघडायची, शाबूत आहे ना बघायला, आणि मग सगळ्याची नक्कल आपल्यापाशी घ्यायची. तशी शिकवून ठेवली तिला.”

“आम्हाला कधी बोलला नाहीत!” गुरुप्रसाद म्हणाले.

“सांगण्यासारखं काय त्यात? दाराला कडी घालतो ते सांगतो का कुणी? निवृत्त झालो त्या दिवशी वायर मीच काढून ठेवली. म्हटलं, माझ्यामागे माझी मशीन कुणाच्या आड यायला नको.” मग म्हणाले, “ती वायर परत कुणी लावलीन?”

भागोजीने फोनकडे तोंड नेलं. “मी लावली, रावजी. पालखी आली होती.”

“मग बरोबर आहे,” रावजी म्हणाले. “पालखीच्या दिवशी सगळं जागच्या जागी हवंच.”

वेदिका फोनकडे बघून म्हणाली, “काका, मी वेदिका. तुमची फाइल बंद करते आता. परवानगी आहे ना?”

“पोरी, तुझ्या हाताने कर. आणि त्या बाईंना सांग, रावजीला त्यांची वाट अडवायची नव्हती.”

वेदिकाने आधी नक्कल थांबवली. मग बागनोंद मिटायला घेतली. मशिनीने विचारलं, बदल जतन करायचे का?  “बदल कसले?” वेदिका पुटपुटली, आणि तेवढ्या घाईतही तिने सबंध फाइल वरून खाली पाहिली. सकाळी बटण दाबल्यावर त्या मशिनीला कुणी हात लावला नव्हता. फक्त आजची तारीख आपोआप उमटणारा एक रकाना होता. तोच बदल. तिने ‘नको’ म्हटलं आणि फाइल मिटली.

पुढच्या खोलीत धावत जाऊन मी क्लिक केलं. चहाला उठायला वेळच मिळाला नाही. बागनोंद उघडली, कपाळ मोकळं, पाटी नाही. मी दोन्ही कॉप्यांतली नावं वेदिकाला वाचून दाखवत एकेक आत घेतली, आदल्या दिवशीच्या सभासदाला त्याचा नंबर, आणि त्याच्या खाली नवी ओळ. हौसावहिनीला आत बोलावलं. ती चपला पायरीवर काढून आली.

“नाव पूर्ण सांग.”

तिने सांगितलं. स्वतःचं, मग घरधन्याचं, मग आडनाव. गाव सांगितलं. बागेचं नाव काय, विचारलं. बऱ्याच बागांना असतं. ती गोंधळली. “आमी ‘वरचा सडा’ म्हणतो.”

“तेच लिहिते.”

बाहेर हॉर्न वाजला. संदेश म्हणाला, “गुरूभाऊ, गाडीचं पोट भरलां, फक्त बडीशेपेपुरती जागा ठेवलीय!”

प्रिंटरपाशी वेदिका आधीच उभी होती. पेट्यांइतकीच लेबलं काढायची असा आमचा कडक नियम, एक जास्त नाही की कमी नाही. पण वेदिकाने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि एक साधा पांढरा कागद आत सरकवला. “छपाई नीट येते का, एकदा तपासायला हवी.” कागद बाहेर आला. काळ्याभोर अक्षरांत हौसावहिनी, तिची बाग, तिचा नंबर. वेदिकाने तो कचऱ्यात टाकला नाही. हौसावहिनीच्या हातात दिला.

मग लेबलं आली, एकामागून एक. पेट्यांवर ती तिने स्वतः चिकटवली. आमच्या मुली पटपट चापटी मारून चिकटवतात. हिने प्रत्येकावरून तळहात सावकाश फिरवला, लहान मुलाच्या छातीला औषध चोळावं तसा.  शेवटची पेटी संदेशने तिच्या हातातून घेतली आणि म्हणाला, “वहिनी, ही सगळ्यांत वर ठेवतो. नाव दिसायला हवं.”

ऊन कलायच्या आत गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

वेदिका मात्र लगेच निघाली नाही. तिने प्रत्येक मशिनीला तिचं तिचं नाव दिलं. माझ्यावर काशी, सचिवांवर गुरुप्रसाद. आता कुणी फाइल धरून ठेवली तर कुणाला हाक मारायची ते कळेल. रावजींच्या मशिनीवर रावजीच राहू दिलं. तिच्या सकाळच्या कामांतून बागनोंद उघडायचं काम तेवढं काढून टाकलं. नक्कल घ्यायचं काम ठेवलं. पण संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर, वाट मोकळी असताना; मग मशीन आपणच बंद होईल.

भागोजी दाराशी घुटमळत होता. “मंग बाय, मी सकाळी बटण दाबू का नको?”

“दाबा की! तुम्ही ती वायर लावली नसतीत तर संस्थेपाशी आज एकही नक्कल नसती. आणि ते आम्हाला कळलंही नसतं. फक्त एक करा, काका. अगरबत्ती जरा लांब लावा. राख आत जाते.”

“होय महाराजा,” भागोजी म्हणाला, आणि स्वतःच लाजून हसला.

हौसावहिनी परतीच्या एसटीसाठी उठली. फळं उतरवायचा झेला तिने बरोबर आणला होता, जाळी फाटली होती ती शहरातून नवी बसवून घ्यायला. तो पांढरा कागद तिने झेल्याच्या काठीवर, हात धरतो त्याच्या जरा वर, गुंडाळला. माझ्याकडून चिकटपट्टी मागून घेतली आणि त्याच्यावर दोन वेढे दिले, पावसापाण्यात टिकावा म्हणून. मग वेदिकापाशी जाऊन तिच्या विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.  अंगणातून बाहेर पडताना, झेला खांद्यावर टाकून, आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत गेली:

*नाव माझं गं उमटलं, आंब्याच्या पेटीवरी*
*हर्ण्याच्या लेकीनं, गाठ सोडली हलक्या करी*

वेदिका स्कूटरला किल्ली लावून, हौसावहिनी रस्त्याला लागेपर्यंत, तशीच उभी होती.